काय वेचायचं, काय ठेवायचं

माणदेशात रान बघायला आलेला माणूस आधी पाण्याची चौकशी करतो, मग दगडांची. आटपाडी, सांगोला, जत, माण हा सगळा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. वर्षाला जेमतेम 500 मिलिमीटर पाऊस, तोही भरवशाचा नाही. माळाची जमीन हलकी, वीतभर मातीखाली मुरूम, आणि त्या मातीत सुपारीएवढ्या खड्यापासून डोक्याएवढ्या धोंड्यापर्यंत सगळ्या मापाचे दगड. पूर्वी इथे मटकी, हुलगा, बाजरी पेरायची, आणि जिथे तेही येत नाही तिथे मेंढरं चारायची. मग टेंभूचं पाणी आलं. कराडजवळ टेंभूला कृष्णेवर बांधलेल्या बॅरेजमधून टप्प्याटप्प्याने उचललेलं पाणी खानापूर, आटपाडी करत सांगोल्याकडे सरकलं, आणि ज्या माळाला कुणी विचारत नव्हतं तिथे डाळिंबाचे खड्डे पडू लागले. पाणी आलं तसा दगडांचा प्रश्न तातडीचा झाला. त्याच काळात मी छोटा ट्रॅक्टर घेतला आणि त्याच्यामागे लावायला दाताळं करून घेतलं.

तेव्हापासून ते भाड्याने चालवतोय. नांगरट, रोटाव्हेटर, बागेतली फवारणी ही कामंही करतो. पण जमिनीबद्दल जे काही मला कळलं, त्यातलं बरंचसं या दाताळ्यामागे कळलं. म्हणून त्याच्याविषयी लिहितोय.

दाताळ्याची घडण साधी असते. ट्रॅक्टरच्या मागच्या तीन सांध्यांना अडकणारी चौकट, चौकटीला 5 फुटांची आडवी पट्टी, आणि पट्टीला ओळीने बसवलेले वाकडे, लवचीक दात. ट्रॅक्टर पुढे निघाला की दात मातीच्या वरच्या थरातून सरकतात. माती आणि बारीक खडे फटीतून मागे सुटतात. मोठे दगड, धसकटं, मुळ्या पुढे गोळा होतात. मधल्या जाड पिनेवर पट्टी तिरपी फिरवता येते. ती तिरपी केली की गोळा झालेलं सगळं दातांवरून घरंगळत एका कडेला जातं आणि ट्रॅक्टरच्या मागे दगडांची सलग ओळ पडत जाते. पट्टी पुरती उलटी फिरवली की दातांची पाठ मातीला लागते आणि रान सपाट करता येतं. याला पीटीओ लागत नाही, फिरणारा एकही भाग नाही. त्यामुळे 24 अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरलाही हे अवजार सहज झेपतं.

मी घेतलं तेव्हा असलं अवजार आमच्याकडे तयार मिळत नव्हतं. तालुक्याच्या गावी कुळव, सरी रेजर, ट्रॉल्या बनवणारा एक कारागीर होता. मी कागदावर काढून नेलेलं चित्र त्याने बाजूला ठेवलं आणि विचारलं, ''केवढा दगड धरायचा आणि केवढा सोडायचा?'' मी म्हटलं, सगळेच धरायचे. ''मग दात कशाला पायजेत? सरळ फळीच लावा की,'' तो म्हणाला. ''दात घ्यायचं म्हणजे कायतरी सोडायचं हाय.'' मग त्याने माझ्याच रानातले दगड आणायला सांगितले. फरशीवर ते मापाप्रमाणे मांडले आणि त्यांच्याकडे बघून इंचभराची फट ठरवली.

दात त्याने ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून काढले. भट्टीत तापवून वाक दिला, तेलात बुडवून पाणी चढवलं, मग पुन्हा हलक्या तावावर धरून त्यांचा ठिसूळपणा काढला. एकही दात त्याने पट्टीला वेल्ड केला नाही. कमानपाट्याच्या पोलादाला वेल्डिंगचा ताव लागला की सांध्यालगतची जागा काचेसारखी होते आणि लवण्याऐवजी दात तिथेच मोडतो. म्हणून प्रत्येक दात दोन-दोन बोल्टांवर बसवला. एखादा गेला तर पान्याने जागेवर बदलता येतो. आजही माझ्या डब्यात चार दात आणि बोल्ट जास्तीचे असतात. ज्यांनी पुढे सगळे दात वेल्ड करून घेतले, त्यांची दाताळी एका हंगामात बोळकी झालेली मी पाहिली.

हे अवजार चालवायला अवघड नाही, पण मन लावून शिकावं लागतं. नव्या चालकाला वाटतं की हायड्रोलिकचा दांडा खाली ओढला की दात आत घुसतील. आमच्या ट्रॅक्टरचं हायड्रोलिक अवजार उचलतं. खाली दाबत नाही. अवजार खाली येतं ते स्वतःच्या वजनाने, आणि किती घुसतं ते त्या वजनावर, दातांच्या तिरकसपणावर आणि मातीच्या ओलीवर ठरतं. दातांची टोकं उभी राहिली की धरतात, मागे कलली की घसरतात. ते जुळवायची किल्ली म्हणजे वरची दांडी, टॉप लिंक. तिचे दोन आटे इकडचे तिकडे केले की तेच दाताळं खरवडायचं थांबून नुसतं पृष्ठभाग नीट करायला लागतं. मी प्रत्येक रानात पहिल्या दहा-वीस पावलांवर थांबतो, खाली उतरतो आणि दातांनी मागे काय ठेवलंय ते हाताने चाचपतो. मगच पुढची फेरी.

या मागच्या तीन सांध्यांबद्दल मला खरंच आदर आहे. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने ही जोडणी विकसित केली आणि 1939 साली फोर्डच्या 9एन ट्रॅक्टरबरोबर ती मोठ्या प्रमाणावर शेतांत उतरली. त्याआधी अवजार ट्रॅक्टरमागे नुसतं ओढत नेत. नांगर खडकाला अडला की ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जायचं आणि तो चालकावर उलटायचा. या जोडणीत अवजार ट्रॅक्टरचंच अंग होतं. ओढीचा जोर वरच्या दांडीतून पुढे जातो आणि पुढची चाकं जमीन धरून राहतात. माळावरच्या उतारावर हलका ट्रॅक्टर घेऊन जाणाऱ्याला याची किंमत कळते. तरीही उतारावर आडवं चालवताना काळजी घ्यावीच लागते. आणि एक गोष्ट मी कुणाच्याही आग्रहाला बळी पडून कधी केली नाही. दात घुसत नाहीत म्हणून दाताळ्यावर माणूस बसवायचा, बहुतेक वेळा घरातला पोरगाच. पुरलेल्या धोंड्याला दात अडकून सुटला की पट्टी हातभर उडते. वजन हवं असेल तर वाळूची पोती बांधावीत. पोराला बसवू म्हणणाऱ्या मालकाचं काम मी तिथेच थांबवतो.

दुसरी गोष्ट वाफशाची. कोरड्या खडखडीत रानात दात वरच्या वर नाचतात आणि मागे लाटा उठवतात. ओल्या रानात चिखलाचे गोळे दातांत अडकतात आणि दगडांबरोबर मातीच ओढली जाते. चांगल्या पावसानंतर दोन-चार दिवसांनी, मूठभर माती दाबली की गोळा होतो आणि बोटाने टोचला की फुटतो, तेव्हा दाताळं खरं चालतं. तेव्हा दगड मातीतून अलगद सुटतो, अंगावर चिखल न घेता. हे दिवस थोडे असतात आणि सगळ्यांना एकाच वेळी ट्रॅक्टर हवा असतो. फोन वाजत राहतो. अशा वेळी वाफसा नसलेल्या रानात ''आजच या'' म्हणणाऱ्याला नाही म्हणणं, हा या धंद्यातला सगळ्यात महागडा आणि सगळ्यात गरजेचा शब्द. वेगाचंही तसंच. पहिला गिअर, चालत्या माणसाच्या चालीने. घाई केली की दात उड्या मारतात आणि एक फेरी वाचवायला गेलेला माणूस तीन फेऱ्या मारतो.

माझ्या कामाला वळण लावणारा प्रसंग एका नव्या बागेच्या रानात घडला. मालक पुण्याला नोकरीला. वडिलोपार्जित माळ, पाणी आल्यावर तिथे डाळिंब लावायचं ठरवलेलं. त्याला रान स्वच्छ हवं होतं. स्वच्छ म्हणजे एकही खडा दिसता कामा नये. फेऱ्यांवर फेऱ्या घ्यायला त्याने सांगितलं होतं. दाताळ्याने ओळ पाडायची आणि मागून बायकांनी ती पाट्यांत भरून बांधावर टाकायची, असं काम चालू होतं. त्या बायकांत एक वयस्क मावशी होत्या. 1972 च्या दुष्काळात कामावर खडी फोडलेल्या. दुपारी भाकरीला बसल्यावर त्यांनी वेचलेल्या रानाकडे हात केला.

''आरं लेकरा, बारकं खडंबी समदं काढलंस व्हय? रानाच्या अंगावर आता काय ऱ्हायलं?''

मी म्हटलं, मालकाला तसंच हवंय.

''मालक पुण्यात. पाऊस हितं पडनार हाय,'' त्या म्हणाल्या आणि चटणीचा कागद उलगडू लागल्या.

निम्मं रान तसं झालं होतं. उरलेल्या निम्म्यात एकच फेरी झाली होती आणि वळवाने गाठलं. तासभर झोडपणारा पाऊस, टपोरे थेंब. दुसऱ्या दिवशी मी रान बघायला गेलो. उतार एकच, माती एकच, मध्ये बांधही नाही. पुरतं वेचलेल्या भागावर पातळ, गुळगुळीत पापडी धरली होती. पाणी आत न मुरता वरून पळालं होतं. बोटाएवढ्या नळ्या पडल्या होत्या आणि खालच्या कडेला वाहून आलेल्या बारीक मातीचा थर साचला होता. एकाच फेरीच्या भागात सुपारीएवढे, लिंबाएवढे खडे तसेच पसरलेले होते. तिथे खडा उचलला की खाली ओलसर, भुसभुशीत माती. थेंबाचा मार खड्यांनी अंगावर घेतला होता, त्यांच्या फटींतून पाणी जिरलं होतं, आणि पुढच्या उन्हात तीच खड्यांची चादर ओल धरून ठेवणार होती.

मी मालकाला फोन करून रान बघायला बोलावलं. तो आला, दोन्ही भागांवर चालला, उकिडवा बसून खडे उचलून पाहिले. राहिलेल्या भागात पुढची फेरी न करायचं त्यानेच ठरवलं. वेचलेल्या भागात नंतर आम्ही बांधावरचे बारके खडे परत आणून पसरले. ज्या मावशींनी ते सांगितलं होतं, त्यांच्याच हातांनी.

अति तिथे माती, असं आपण सहज म्हणतो. माळावर अति झालं की मातीच जाते. तेव्हापासून माझं पहिलं धोरण ठरलं: कुदळीला, फणाला, ठिबकच्या नळीला, रोपाच्या मुळाला आडवा येणारा दगड काढायचा, बाकीचा राहू द्यायचा. डाळिंबाला हलकी, निचऱ्याची जमीन मानवते, आणि तो निचरा टिकवायला बारीक खडेही लागतात.

काढलेल्या मोठ्या दगडांचं काय करायचं, हेही हळूहळू उमगलं. आधी सगळे ते एका कोपऱ्यात ढीग करून ठेवत. मग एका शेतकऱ्याने सुचवलं की ओळी उताराला आडव्याच पाडाव्यात, समपातळी धरून. पाणलोटाच्या कामात गावोगाव ए-फ्रेम वापरून समपातळी रेषा आखलेल्या होत्याच. त्या चुन्याच्या रेषेवरून दाताळं चालवलं की दगडांची ओळ बरोबर तिथे पडते, जिथे ताल (दगडी बांध) हवी. हाताने थोडं रचलं की दोन पावसाळ्यांत तिच्यामागे माती साठायला लागते. दगड रानाबाहेर फेकायचा म्हणून काढलेला, तोच रानाची माती अडवायला उभा राहतो. मात्र ओळ रात्रभर पडून राहिली की तिच्याखाली विंचू येतात, फुरसंही येतं. म्हणून ओळ पाडली त्याच दिवशी उचलायची, दगड आपल्याकडून पलीकडे उलटायचा, आणि बायकांना जाड हातमोजे द्यायचे, हे मी काम ठरवतानाच मालकाला सांगतो.

हराळीने दुसरा धडा दिला. एका काळ्या रानात तिचे ठिपके पडले होते. मालकाने वर्षभर रोटाव्हेटर मारला, आणि दरवेळी ठिपके वाढले. रोटाव्हेटरची पाती हराळीच्या काश्यांचे तुकडे करतात आणि पेराच्या प्रत्येक तुकड्याला कोंब फुटतो. आम्ही उन्हाळ्यात ते रान नांगरून तापू दिलं. मग दातांची टोकं उभी करून उभी-आडवी फेरी घेतली. काश्या न तुटता लांबच लांब, दोरीच्या गुंत्यासारख्या वर आल्या. त्यांच्या गुंत्यात अडकलेली माती झटकून त्या उन्हात टाकल्या. चार दिवसांनी पुन्हा फेरी, पुन्हा गुंते. वाळल्यावर गोळा करून जाळल्या. हराळी एका उन्हाळ्यात संपत नाही, पण तिचा जोर मोडतो.

तोच मालक पुढच्या वर्षी म्हणाला, पलीकडच्या तुकड्यात लव्हाळा आहे, तिथेही असंच करू. तिथे मी नकार दिला. लव्हाळ्याच्या गाठी साखळीसारख्या खोलवर असतात. वरून दात फिरवले की साखळी तुटते आणि निजलेल्या गाठी जाग्या होऊन फुटतात. दिसायला दोन्ही तणंच, पण एकाला जे अवजार बरं ते दुसऱ्याला खतपाणी. मालकाला दोन ढेकळं फोडून गाठी दाखवल्या तेव्हा त्याला पटलं.

डाळिंबाच्या बागांनी मात्र या अवजाराला वेगळंच काम दिलं. भगवा वाण आल्यापासून आमच्या भागाचं सगळं अर्थकारण या फळाभोवती फिरत आलं. 2005 साली सोलापूरला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र झालं. पण तेल्याने आणि मर रोगाने बागा पोखरल्या. बहर धरण्याआधी छाटणी झाली, पानगळ झाली की खाली पडलेली रोगट पानं, फळं, काटक्या बागेबाहेर नेऊन नष्ट करणं तेल्याच्या बंदोबस्तात फार महत्त्वाचं. हे हाताने करायला दिवसांमागून दिवस जातात. दोन ओळींमधल्या पट्ट्यातून दाताळं फिरवलं की निम्मा भार हलका होतो. वाळलेली पानं फटीतून निसटतात, म्हणून हे काम पहाटे, दव असताना करायचं. पानं मऊ असतात आणि एकमेकांना धरून येतात. झाडाच्या बुंध्याकडे मात्र दात न्यायचे नाहीत. डाळिंबाची अन्न घेणारी मुळं वरच असतात, आणि मर रोगाची बुरशी जखमी मुळातून आत शिरते. ठिबकच्या नळ्या आधी गुंडाळून झाडावर टाकायच्या. बुंध्याजवळचा कचरा हातानेच वेचायचा.

एका बागेच्या फाटकावर मला मालकाने थांबवलं. वयस्कर गृहस्थ, हातात फवारणीचा पंप. ''आधी दाताळं धुवा, टायर धुवा, मग आत,'' म्हणाले. शेजारच्या गावात मर रोगाची बाग होती आणि मी तिकडूनच आलोय हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी स्वतः दातांच्या फटींत अडकलेली माती काडीने उकरून काढली, मग जंतुनाशक मारलं. मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटलं. भाड्याचं अवजार एका रानाची माती दुसऱ्या रानात नेतं. तेव्हापासून कुणी सांगो न सांगो, मी एका बागेतून निघताना तिथेच दात धुतो. त्यासाठी पाण्याचा कॅन ट्रॅक्टरला कायम बांधलेला असतो.

2021-22 च्या सुमाराला खोडाला सुईसारखी छिद्रं पाडणाऱ्या भुंगेऱ्याने आमच्या पट्ट्यातल्या बागाच्या बागा गेल्या. पावसाने आणि मर रोगाने आधीच खचलेली झाडं या किडीपुढे टिकली नाहीत. लोकांनी जेसीबी लावून बागा उपटल्या. पोखरलेलं लाकूड रानात पडून राहिलं तर कीड पसरते, म्हणून ते गोळा करून जाळायला हवं होतं. त्या कामासाठी मला पुन्हा त्याच रानांत बोलावणं आलं, जिथले दगड मी एकेकाळी वेचले होते. दगडांच्या जागी आता मुळ्या होत्या, फांद्या होत्या. दात मुळ्यांना अडायचे, थरथरायचे, सुटायचे. कुणी फारसं बोलत नसे. एका घरची म्हातारी बाई बांधावर उभी राहून प्रत्येक ढिगाकडे बघत होती. त्या रानांत काम करताना मला कळलं की आपण जमीन तयार करतो म्हणजे शेतकऱ्याच्या कर्जाची, आशेची, पोरांच्या शिक्षणाचीही जागा तयार करतो. त्यामुळे काम उरकून पुढे जाणं मला जमत नाही. कुठलं रान कशासाठी तयार होतंय आणि ते तिथे टिकेल का, हे मी विचारतो. त्यातल्या काहींनी पुढे सीताफळ लावलं, काही ज्वारी-मक्यावर गेले, काहींनी पुन्हा डाळिंबच धरलं, पण झाडांत जास्त अंतर ठेवून.

दाताळ्याची सगळी कामं शेतीची नव्हती. पाणंदीचे मुरमाचे रस्ते पावसाळ्यानंतर नीट करायला ते फार उपयोगी पडतं. कडेला सरकलेला मुरूम तिरप्या पट्टीने मधोमध ओढायचा, म्हणजे रस्ता मध्ये उंच राहतो आणि पाणी दोन्ही बाजूंनी उतरतं. सपाट केलेला रस्ता दिसायला छान, पण पहिल्याच पावसात डबकी धरतो.

आणि शर्यतींची मैदानं. 2014 च्या निकालाने बंद झालेल्या बैलगाडी शर्यतींना डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली, आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने त्या वैध ठरवल्या. मधल्या वर्षांत माळावरची मैदानं दगडांनी आणि बाभळींनी भरली होती. आयोजकांनी बोलावलं. तिथे माझं नेहमीचं धोरण उलटं करावं लागलं. बैलाच्या दुभंगलेल्या खुरात सुपारीएवढा खडा अडकला तरी धावता बैल लंगडतो, कोसळतो. म्हणून मैदानावर बारका खडाही काढायचा. टँकरने रात्री पाणी मारून सकाळी वाफशावर तिरप्या फेऱ्या, मग उलट्या दातांनी सपाटी, आणि शेवटी माणसांची रांग करून हाताने वेचणी. एका बैलवाल्याने शर्यतीआधी सगळा पट्टा अनवाणी चालून पाहिला. पायाला टोचलं तिथे तो थांबायचा, खडा उचलायचा, खिशात टाकायचा. जमीन स्वच्छ आहे की नाही, हे तिच्यावर कोण पाय ठेवणार आहे यावर ठरतं, हे त्याच्या चालण्याने मला पटवलं.

मजुरीचा विषय टाळून हे लिखाण पुरं होणार नाही. दाताळं आलं तेव्हा दगड वेचणाऱ्या बायकांना भीती वाटली की काम गेलं. कामाचे काही दिवस खरोखरच गेले. दिवसभर वाकून विखुरलेले दगड हुडकायचं काम यंत्राने घेतलं. ओळ उचलून रचायचं काम त्यांच्याकडे राहिलं. कंबर वाचली, रोजगाराचे दिवस घटले, दोन्ही खरं आहे. मी माझ्यापुरतं एवढं केलं की जिथे ताल रचायची तिथे त्याच बायकांना घ्यायला मालकाला सांगतो. दगड कुठला कुठे बसेल हे त्यांच्या हातांना माहीत असतं. त्यांनी रचलेली ताल पावसाळ्यात ढासळत नाही.

आता गावात बरीच तरुण मुलं छोटे ट्रॅक्टर घेतात. काही जण दाताळं बघायला येतात आणि भाड्याचा दर विचारतात. त्यांना मी आधी सांगतो, मालकाबरोबर रान पायी फिरा आणि काय काढायचं हे विचारण्याआधी काय ठेवायचं ते ठरवा. मग दराची गोष्ट. पूर्वी मीही तासावर भाडं घ्यायचो. तासावर भाडं असलं की जास्त फेऱ्यांत चालकाचा फायदा, आणि जास्त फेऱ्यांत जमिनीचं नुकसान. म्हणून मी दर गुंठ्यावर बांधला. रानाला एक फेरी पुरत असेल तर एकच फेरी मारून मी खाली उतरतो, आणि माझे पैसे कमी होत नाहीत. ट्रॅक्टर घेणाऱ्या प्रत्येकाने हिशेब असा बांधून घ्यावा, म्हणजे शेतकऱ्याचं, चालकाचं आणि मातीचं हित एकाच बाजूला राहतं.